काचेचे दुसरे टोक

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान गेल्या वर्षी वारले. समाचाराला आलेल्या प्रत्येकाने त्यांच्याविषयी एकच शब्द वापरला, तो म्हणजे कुटुंबवत्सल. हा शब्द उच्चारताना प्रत्येकाची नजर प्रथम माझ्या बहिणीकडे, मग दोन्ही भाच्यांकडे आणि शेवटी माझ्याकडे वळत असे व माझ्यावर ती जरा जास्त वेळ थांबत असे. त्यामागचा अर्थ मला कळत होता. हा मनुष्य कुटुंबवत्सल होता याला पुरावा काय, तर हा पाहा समोर बसला आहे. पुरावा त्या वेळी चहा पीत होता.

मी त्यांना दाजी म्हणत असे व बहिणीला अक्का म्हणतो. दाजींविषयी चार शब्द नीट लिहून ठेवावेत अशी माझी फार इच्छा आहे. मी लिहायला उतारवयात, प्रौढांच्या वर्गात शिकलो. त्यामुळे माझे वाक्य गळ्यापर्यंत बटणे लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. वाचकांनी त्याला सांभाळून घ्यावे.

दाजींचा धंदा काचेचा होता. खिडक्यांची तावदाने, कपाटांची दारे, दुकानांच्या दर्शनी काचा हे सर्व ते कापून बसवून देत असत. घराची पुढची खोली हेच त्यांचे दुकान होते. तिथे एक लांबरुंद टेबल, त्यावर जुने घोंगडे अंथरलेले, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या काचा, आणि चौकटीच्या कडेने भरायची लांबी मळून ठेवलेला पत्र्याचा डबा असे. लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचे तेल यांचा कणकेसारखा गोळा. त्या तेलाचा वास घरातल्या प्रत्येक कपड्याला, उशीला आणि माणसाला होता. आम्ही पाचही जण कुठेही गेलो, तरी लोक आधी नाक वर करत आणि मग म्हणत, "काचवाल्यांकडचे का?"

मी या घरात कसा आलो, तेही सांगितले पाहिजे. तरुणपणी मी छापखान्यात, रंगाऱ्याकडे आणि सायकलच्या दुकानात काम करून पाहिले. मी तिथे नसावे, या एका मुद्द्यावर प्रत्येक ठिकाणी मालकाचे आणि माझे एकमत झाले. मग थकवा घालवण्यासाठी मी अक्काकडे चार दिवस राहायला आलो. ते चार दिवस अजून चालू आहेत.

आल्या दिवशी अक्काने मला दारातच विचारले होते, "किती दिवस आहेस रे?"

त्यावर दाजी आतून म्हणाले, "अगं, आल्याआल्या काय विचारतेस? आधी जेवू दे त्याला."

मी जेवलो. जेवणात प्रश्न विरघळून गेला आणि तो उकरून काढण्याची घाई मी केली नाही. जावई हा दहावा ग्रह असतो असे म्हणतात. मेहुण्याचा क्रमांक कुणी लावलेला नाही. कदाचित तो ग्रह जागचा हलतच नसल्यामुळे मोजणाऱ्याच्या लक्षात आला नसावा.

मोठी काच एकट्या माणसाला उचलता येत नाही. तिला दुसरे टोक असते आणि ते कुणीतरी धरावे लागते. ते काम माझ्याकडे आले, कारण धरून उभे राहण्याला शिक्षण लागत नाही. तरीही पहिल्याच वर्षी मी इतक्या काचा तडकवल्या की भाच्या मला तडामामा म्हणू लागल्या, आणि पुढे सगळी गल्ली त्याच नावाने हाक मारू लागली. दाजी मात्र कधी रागावले नाहीत. तुकडे गोळा करत ते एवढेच म्हणत, "मेहुणे, हात कापला नाही ना? मग झालं तर."

त्यांची काम करण्याची रीत अगदी ठरलेली होती. माप घेतले की ते प्रत्येक बाजूने सूतभर कमी करून काच कापत. लाकूड हवेने फुगते, उन्हाने आखडते; काच फुगतही नाही आणि आखडतही नाही. तिच्या भोवती थोडी मोकळी जागा ठेवली आणि ती लांबीने भरली, तर काच वर्षानुवर्षे टिकते. चौकटीत घट्ट कोंबली, तर एक दिवस कुणी हात न लावताही ती कोपऱ्यातून तडकते. हे ते गिऱ्हाइकांना समजावून सांगत असत. गिऱ्हाईक मान डोलावत असे आणि मग विचारत असे, "पण काच लहान झाली म्हणून भाव कमी होईल ना?"

धंद्यातले इतर कारागीर दाजींना घरकोंबडा म्हणत आणि त्यात खोटे काहीच नव्हते. परगावचे काम त्यांनी कधी घेतले नाही. संध्याकाळी घरी आल्यावर ते प्रथम दारातल्या चपला पाहत. एखादा जोड कमी दिसला की घरात न शिरता कोपऱ्यावर जाऊन उभे राहत. एकदा धाकटीचा जोड दिसेना, म्हणून ते जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत कोपऱ्यावर उभे होते. धाकटी घरातच होती. चपला चांभाराकडे होत्या. त्या त्याच्याकडे मीच दिल्या होत्या, आणि दाजी बाहेर का उभे आहेत याचे मलाही फार आश्चर्य वाटत होते. यावरून माझ्या बुद्धीची कल्पना यावी.

आमच्या मागच्या खोलीत दाजींनी उरलेल्या तुकड्यांची एक काचेची भिंत उभी केली होती, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचा कोपरा मिळावा. कुठे दुधी काच, कुठे रेघांची, कुठे साधी. त्यामुळे प्रत्येकाला कोपरा मिळाला, पण लपायला जागा कुणालाच मिळाली नाही. या भिंतीवरून दाजींनी घरात एक नियम घातला होता. दोघांचे भांडण झाले की दोघांनी मधली साधी काच दोन बाजूंनी पुसायची. पुसताना एकमेकांचे तोंड समोर येतेच. शिवाय काचेवरचा डाग कोणत्या बाजूचा आहे हे लांबून कधीच कळत नाही. "तुझ्या बाजूला आहे," "नाही, तुझ्याच," असे म्हणता म्हणता हसू येते आणि भांडण संपते. अक्का आणि मी ही काच इतक्या वेळा पुसली आहे, की ती झिजली कशी नाही याचे मला नवल वाटते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. थोरली भाची परिचारिकेचे शिक्षण पूर्ण करून बसली होती. एके दिवशी आम्ही सारे जेवत असताना ती म्हणाली, "बाबा, मला नोकरी लागली."

दाजींचा चेहरा फुलला. "वा! कोणत्या दवाखान्यात? बाजारातल्या?"

"नाही. परगावी. मोठं रुग्णालय आहे. बसने दिवसभराचा रस्ता. तिथे राहायची सोय पण आहे."

"राहायची सोय इथे नाही का?" दाजींनी विचारले आणि ते पुन्हा जेवू लागले, जणू प्रश्न सुटला.

येत्या मंगळवारी हजर झाली नाही, तर ती जागा दुसऱ्या कुणाला मिळणार होती. थोरलीचे म्हणणे स्पष्ट होते. "मला जायचंच आहे. पण बाबांनी हो म्हटल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही."

दाजी आरडाओरडा करणाऱ्यांपैकी नव्हते. ते नाही म्हणायचे झाले की काहीतरी बांधायला घेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कानाला पेन्सिल लावून मागच्या खोलीत मापे घेऊ लागले. कित्येक वर्षे जपून ठेवलेली उत्तम दुधी काच त्यांनी बाहेर काढली. थोरलीसाठी ते स्वतंत्र खोली करणार होते. दारासाठी लाकडाची चौकटही त्यांनी उभी केली.

"मला खोली नको, बाबा," थोरली म्हणाली.

"दार इकडून ठेवू का तिकडून?"

"बाबा, मला जायचंय."

"इकडून ठेवलं तर उजेड येईल."

तेव्हा थोरलीचा तोल गेला. ती म्हणाली, "त्यापेक्षा मला बरणीत ठेवा ना! वर घट्ट झाकण लावा. तुम्हाला चारी बाजूंनी दिसेन."

दाजींनी पेन्सिल चौकटीवर ठेवली आणि ते दुकानात गेले. थोरली थोडा वेळ रडली. मग नियमाप्रमाणे फडके घेऊन काचेपाशी जाऊन उभी राहिली. दाजी आले नाहीत. संध्याकाळी ती पुन्हा उभी राहिली. तेव्हाही ते आले नाहीत. हा नियम घरात ज्याने घातला, त्यानेच तो मोडला होता. जेवताना मीठ मागायचे, तरी सगळे खुणेने मागू लागले.

शनिवारी सकाळी अक्काने मला स्वयंपाकघरात बोलावले.

"तू बोल त्यांच्याशी."

"मी?"

"मग कोण? मी बोलले की ते पाणी प्यायला उठतात. धाकटी बोलली की तिचे लाड करतात. तुझं ते काहीच करत नाहीत. तूच बोल."

"पण अक्का, माझं ऐकतील का ते?"

"ऐकणार नाहीत. पण कानावर तरी पडेल."

एवढ्या भक्कम विश्वासावर मी ही कामगिरी पत्करली. ज्याने जायला हवे होते आणि जो कधीच गेला नाही, त्याने जाऊ इच्छिणाऱ्या मुलीची वकिली करायची! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी वर्गात फळ्यावर वाचली, तेव्हा माझा फोटो शेजारी का लावला नाही असे मला वाटले होते.

त्या दिवशी पलीकडच्या रस्त्यावरच्या घड्याळजीच्या दुकानाला दर्शनी काच बसवायची होती. काच दाजींनी सकाळीच कापून ठेवली होती. ती माणसाच्या छातीइतकी उंच होती, म्हणून आम्ही दोघांनी ती उभी धरून पायी नेली. मी पुढे होतो आणि दाजी मागे. तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. हातात काच असलेला मनुष्य पाणी प्यायला उठू शकत नाही, बांधायला काही घेऊ शकत नाही, आणि निघूनही जाऊ शकत नाही. माझ्या आयुष्यातला हा एकमेव डावपेच असेल.

"दाजी," मी समोर पाहतच म्हणालो, "थोरलीला जाऊ द्या."

काच जरा जड झाली.

"ऐकू आलं का?"

"पुढे बघ. खड्डा आहे."

"खड्डा बघितला. पोरीचं बोला."

"काच हातात असताना बोलायचं नसतं."

"काच हातात नसली की तुम्ही जागेवर नसता."

कोपऱ्यावरची भाजीवाली ओरडली, "आज काय काचेआडून भांडण?" आम्ही दोघांनीही तिच्याकडे पाहिले नाही.

थोडे चालल्यावर दाजी म्हणाले, "मेहुणे, घर सोडून जायचं कसं असतं, हे तू मला शिकवणार? तू?"

"मीच शिकवणार. न जाण्याचा माझ्याएवढा अनुभव या गल्लीत कुणाला आहे?"

"मग तुझं काय वाईट झालं रे? जेवायला कमी पडलं? कुणी कधी उणं बोललं?"

"कुणी बोललं नाही, तेच तर! अक्का दारात विचारत होती किती दिवस. तुम्ही म्हणालात, आधी जेवू दे. त्या दिवशी जेवायच्या आधी उत्तर द्यावं लागलं असतं, तर मी काहीतरी झालो असतो, दाजी. निदान वाईट रंगारी तरी झालो असतो. आज मी कोण आहे? तुमच्या काचेचं दुसरं टोक."

हे मी हसवण्यासाठी बोललो होतो. मी पुष्कळ गोष्टी त्याच हेतूने बोलतो. परंतु हे वाक्य तोंडातून बाहेर पडले आणि ते विनोदी राहिले नाही. मागची पावले थांबली. काच थांबली म्हणून मलाही थांबावे लागले. वळून पाहता येत नव्हते. रस्त्यावरची सायकल घंटी वाजवत आमच्या बाजूने निघून गेली.

मग दाजी म्हणाले, "चल. हात भरून येतात."

घड्याळजीच्या दुकानात काच चौकटीला लावली. ती आत जाईना. दाजींनी ती काढली, पुन्हा लावली. वरची बाजू बसली, खालची बसेना. मला वाटले लाकूड फुगले असेल. दाजींनी कधी नाही ते अंगठ्यांनी दाबून पाहिले. खालच्या कोपऱ्यातून टिच् असा बारीक आवाज आला आणि एक रेघ तिरपी वर चढत गेली.

घड्याळजी डोळ्यावरचे भिंग काढून म्हणाला, "झालं! तडामामा, आज पण?"

"चुकलं माझं," मी सवयीने म्हणालो.

"त्याचं नाही," दाजी म्हणाले. त्यांनी चौकटीवर पट्टी ठेवली, मग काचेवर ठेवली. "माझं चुकलं. मापाला माप कापलंय. जागाच सोडली नाही."

ते दुकानाच्या पायरीवर बसले. त्यांच्या हातून अशी चूक झालेली मी कधी पाहिली नव्हती. काच तडकली की काय करायचे असते हे मला चांगले ठाऊक होते, म्हणून मीही त्यांच्या शेजारी बसलो आणि विचारले, "हात कापला नाही ना?" दाजींनी माझ्याकडे पाहिले. ते हसतील असे मला वाटले. ते हसले नाहीत. घड्याळजीला म्हणाले, "दुसरी आणतो, मालक. उद्या," आणि उठून घराकडे चालू लागले. तडकलेली काच उचलायला माझ्याबरोबर घड्याळजीला यावे लागले.

मी घरी पोहोचलो, तेव्हा दाजी टेबलापाशी नव्हते. ते मागच्या खोलीत फडके घेऊन काच पुसत होते. थोरली रोज ती पुसतच होती, तेव्हा पुसण्यासारखे तिच्यात काही उरले नव्हते. तरी दाजी पुसत होते. अक्काने मला दारातच अडवले आणि तोंडावर बोट ठेवले. थोरली आतून आली, क्षणभर उभी राहिली आणि पलीकडून फडके फिरवू लागली.

"इथे डाग आहे," दाजी म्हणाले. "तुझ्या बाजूला."

"तुमच्या बाजूला आहे, बाबा."

दाजींनी वाफ सोडून जोराने पुसले. डाग तसाच राहिला.

"बघ. तुझ्याच बाजूला आहे."

थोरलीने पदराने पुसले. डाग हलला नाही. दोघेही एकाच ठिकाणी दोन बाजूंनी घासत राहिले. दोघांचेही डोळे भरून आले होते, त्यामुळे दोघांनाही धड दिसत नसावे.

शेवटी धाकटी पुढे झाली आणि वाकून पाहत म्हणाली, "अहो, काचेतला बुडबुडा आहे तो! घासताय काय?"

जन्मभर काचेचे काम केलेला मनुष्य बुडबुड्याला डाग समजून घासत होता. अक्काला हसू आवरले नाही. मग थोरलीला, आणि मग दाजींना. दाजी हसता हसता खाली बसले आणि फडक्याने तोंड पुसत म्हणाले, "सोमवारची बस किती वाजता आहे गं?"

थोरली गेली. तिच्या खोलीची अर्धवट चौकट मात्र पुढे कित्येक महिने तशीच उभी होती. भिंत नसलेले ते दार आम्ही कपडे वाळत घालायला वापरले. पहिल्या संध्याकाळी दाजी सवयीने कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. मी त्यांना आणायला गेलो.

"दाजी, ती आज नाही यायची."

"माहीत आहे मला. हवा खातोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर एक लहानसा तुकडा ठेवला आणि काच कापायचा हिरा माझ्या हातात दिला. "एकदाच ओढायचं. थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही." मी थांबलो, आणि मागेही फिरलो. तुकडा आपल्या मनाप्रमाणे तुटला. दाजींनी दुसरा ठेवला. त्या वयात मी अखेर कापायला शिकलो. लहान तावदाने माझ्याकडे आली. तडामामा हे नाव त्यामुळे गेले नाही. उलट आता त्याला स्वतःच्या कामाचा आधार मिळाला.

थोरली पहिल्यांदा रजेवर आली, ती वेळ मला अजून दिसते. दाजी चष्मा न लावता लांबी मळत होते. दारात कुणीतरी उभे राहिलेले पाहून ते म्हणाले, "या, बसा. माप आणलंय का?"

"बाबा, ताई आहे!" धाकटी आतून ओरडली.

"मला काय दिसत नाही?" दाजी म्हणाले आणि तेलकट हात पाठीमागे लपवून भांबावल्यासारखे उभे राहिले. पोटची पोर बाहेरून आल्यावर तिच्याशी कसे वागतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची पुसली, आणि पुसलेल्या खुर्चीवर तेलाचे पाचही बोटांचे ठसे उमटले. थोरली त्यावरच बसली.

ती परत निघाली, तेव्हा दाजी तिची पिशवी घेऊन बसपर्यंत गेले. मी दुकानात एक तावदान समोर ठेवून त्यांची वाट पाहत होतो. ते आले, चष्मा लावला आणि माझे माप तपासू लागले.

"पुन्हा कधी येणार, असं विचारलंत का?" मी म्हणालो.

"मी नाही विचारलं," दाजी म्हणाले. पेन्सिल कानाला लावून त्यांनी काच उजेडाकडे धरली. "तिनंच सांगितलं."